घरच्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे? आधी चौकशी, मग स्क्रू ड्रायव्हर

रॅमची स्टिक मदरबोर्डवर बसवायला पाच मिनिटं पुरतात. कोणती स्टिक आणायची हे ठरवायला मात्र तासभर द्यावा लागतो आणि नवख्यांची फसगत तिथेच होते. डीडीआर३ च्या बोर्डासाठी डीडीआर४, म्हणजे रॅमची पुढची पिढी, घरी येते, लॅपटॉपची आखूड स्टिक येते, नाहीतर सगळं बरोबर येऊनही मशीन पहिल्यासारखंच रडतं, कारण दुखणं रॅमचं नव्हतंच. म्हणून या लेखात बसवण्यापेक्षा चौकशीला जागा जास्त दिली आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक ठरावीक मशीन डोळ्यांसमोर ठेवू. २०१७-१८ च्या सुमारास दुकानातून असेम्बल करून घेतलेला डेस्कटॉप, इंटेलचा सातव्या पिढीतला आय३-७१०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा दोन रॅम स्लॉटचा बोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मुलांचा अभ्यास, टॅली, ऑनलाइन फॉर्म, सातबारा काढणं, एवढी कामं. अशी मशीन घरोघरी आहेत. तुमचं याहून जुनं किंवा नवं असेल तर कुठे फरक पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

रॅम खरंच कमी पडतेय का?

रोज जी कामं करता ती सगळी एकदम उघडा. क्रोममध्ये नेहमीचे दहा-बारा टॅब, एक्सेल, व्हॉट्सॲप वेब, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा.

मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. ६० टक्के दिसले म्हणून घाबरू नका. उरलेली रॅमही वाया जात नाही, ती विंडोज अलीकडे वापरलेल्या फायली हाताशी ठेवायला वापरतं, आणि ते चांगलंच आहे. त्याच पानावर खाली 'कमिटेड' असा आकडा असतो, उदाहरणार्थ ७.२/९.५ जीबी. त्यातला पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रामांनी मिळून मागितलेली मेमरी. ४ जीबीच्या मशीनवर तो आकडा ७ च्या आसपास असेल, तर उरलेला भार हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलवर (रॅम पुरत नाही तेव्हा विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) पडतोय आणि हार्ड डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ. माउस हलतो पण खिडकी उघडत नाही, तो प्रकार हाच.

आता गोम इथे आहे. रॅम कमी पडली की डिस्कचा आकडाही १०० टक्क्यांवर जातो. मग दोष कोणाचा? मशीन रीस्टार्ट करा, काहीही न उघडता दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. ४ जीबीच्या मशीनवर नुसतं विंडोज १० साधारण निम्मी रॅम घेतं. मेमरी निम्म्यावर आहे आणि तरी डिस्क १०० वर अडकून बसली असेल, तर पैसे रॅमवर घालवू नका, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लावायची वेगवान, चिपवरची डिस्क) घ्या. दोन्ही घेता आलं तर उत्तमच. एकच घेणं शक्य असेल तर माझं मत सरळ आहे: ४ जीबीवाल्यांनी आधी रॅम, ८ जीबीवाल्यांनी आधी एसएसडी. कॉम्प्युटर चालू व्हायला पाच मिनिटं लागतात ही तक्रार तर रॅमने जवळपास सुटत नाही, ती एसएसडीनेच सुटते.

आणखी एक गोष्ट आत्ताच बघून घ्या. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा. तिथे 'सिस्टिम टाइप'समोर ३२ बिट लिहिलेलं असेल, तर घरगुती विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरणारच नाही, त्यातलीही सव्वातीन-साडेतीनच्या आसपासच हाती लागते. अशा मशीनवर आधी ६४ बिट विंडोज नव्याने टाकावं लागतं. वरच्यावर अपग्रेड होत नाही, म्हणून फोटो, टॅलीचा डेटा आधी बाहेर काढून ठेवा.

पैशांचा विचार करताना हेही लक्षात असू द्या की विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आय३-७१०० हा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणजे अशा मशीनमध्ये रॅमवर थोडे पैसे घालणं परवडतं, ३२ जीबी भरणं नाही. लिनक्स मिंट टाकायची तयारी असेल तर ८ जीबीमध्ये हेच मशीन अजून काही वर्षं आरामात काम देईल.

किती आणि कोणती

ब्राउझर, ऑफिस, टॅली यांसाठी ८ जीबी हा आजचा किमान आकडा धरा. फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग, नवे गेम असतील तर १६. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर डिस्प्लेसाठी लागणारी मेमरीही याच रॅममधून जाते, तेव्हा काठावरचा हिशेब करू नका.

मग पिढी. इथे चूक झाली की स्टिक बसतच नाही. डीडीआर३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट, डीडीआर५ लाही २८८ पिना पण १.१ व्होल्ट. शेवटच्या दोघांच्या पिना सारख्या असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची दुसरीत जात नाही, आणि जाऊही नये. ढोबळमानाने इंटेलची दुसरी ते चौथी पिढी म्हणजे डीडीआर३, सहावी ते अकरावी म्हणजे डीडीआर४. बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. पण प्रोसेसरवरून अंदाज बांधून दुकानात जाऊ नका. एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ घेणारेही निघाले होते. शेवटचा शब्द बोर्डाचा.

बोर्डाची माहिती काढायला सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम टाका. त्याच्या मेनबोर्ड टॅबवर बोर्डाचं मॉडेल, मेमरी टॅबवर डीडीआर३ की ४, आणि एसपीडी टॅबवर कोणत्या स्लॉटमध्ये कोणत्या कंपनीची किती जीबीची स्टिक आहे ते दिसतं. तिन्ही टॅबचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर ते मॉडेल शोधून जास्तीत जास्त किती रॅम चालते ते बघा. आपल्या उदाहरणातल्या एच११० वर दोन स्लॉट मिळून ३२ जीबी चालते. त्याआधीचे एच६१ आणि एच८१ हे बोर्डही आपल्याकडे ढिगाने आहेत, त्यांची मर्यादा १६, म्हणजे दोन स्लॉटमध्ये ८-८. त्यात १६ ची एकच स्टिक टाकायची स्वप्नं बघू नका.

स्पीडचा बाऊ करण्याचं कारण नाही. आय३-७१०० डीडीआर४ रॅम जास्तीत जास्त २४०० ला चालवतो. ३२०० ची स्टिक लावली तर ती निमूट २४०० ला चालेल, बिघडत काही नाही. जुनी २४०० आणि नवी ३२०० एकत्र लावल्या तरी दोन्ही हळूच्या वेगाने चालतात. म्हणून जास्त स्पीडसाठी जास्त पैसे मोजू नका, पण दुकानात ३२०० चीच शिल्लक असेल आणि भाव तोच असेल तर ती बेलाशक घ्या.

दोन स्टिक का लावायच्या? कारण दोन स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर दोन वेगळे चॅनेल असतात. एसटी स्टँडवर तिकिटाच्या एका खिडकीऐवजी दोन उघडल्यावर रांग जशी हलते, तसा डेटा दोन्हीकडून जातो. प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवतो. आपल्या उदाहरणात ४ जीबीची स्टिक आधीच आहे. तिच्या जोडीला आणखी ४ घातली तर ८ जीबी पूर्ण ड्युअल चॅनेलमध्ये चालेल. ८ घातली तर १२ होईल, त्यातली ८ ड्युअलमध्ये आणि उरलेली ४ एका चॅनेलवर. मी ८ च घेईन. पुढेमागे जुनी ४ ची काढून आणखी एक ८ टाकली की १६ चा रस्ता मोकळा. रायझनवाल्यांनी मात्र वेगवेगळ्या स्टिकांची मिसळ शक्यतो टाळावी आणि एका पाकिटातली जोडीच घ्यावी. त्या बोर्डांचे नखरे जास्त.

दुकानात

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच भडकले आहेत. जगातली बहुतांश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येते, आणि त्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत सांगितलेला भाव मनात धरून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराशी उगाच वाद होईल. त्याच दिवशीचे दोन-तीन ऑनलाइन भाव आणि दोन-तीन दुकानांचे भाव घ्या.

असा भाव चढला की स्वस्तातल्या स्टिका दिसू लागतात. त्यातल्या तीन जाती ओळखून ठेवा. एक, 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेल्या डीडीआर३ स्टिका. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. दोन, सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड ईसीसी स्टिका. १६ जीबी एवढ्या स्वस्तात कशी, असं वाटलं की आधी हाच संशय घ्या. घरगुती बोर्डावर त्या चालू होत नाहीत. तीन, लॅपटॉपच्या. त्या लांबीला जेमतेम निम्म्या, साधारण पावणेसात सेंटिमीटर. डेस्कटॉपची सव्वातेरा सेंटिमीटरहून किंचित जास्त असते.

अनेक स्टिकांच्या लेबलवरच हे सगळं लिहिलेलं असतं. '८जीबी १आरx८ पीसी४-२४००टी-यूए२' अशी काहीतरी ओळ दिसेल. पीसी४ म्हणजे डीडीआर४. पुढचा २४०० हा स्पीड. स्पीडनंतरच्या डॅशपुढचं पहिलं अक्षर मोलाचं: यू असेल तर साध्या डेस्कटॉपची, एस असेल तर लॅपटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. काही लेबलांवर स्पीडऐवजी पीसी४-१९२०० असा आकडा असतो. त्याला ८ ने भागा, २४०० येतील. २५६०० असेल तर ३२००.

सेकंडहँड घ्यावी का? माझ्या मते घ्यावी, हार्ड डिस्कसारखी रॅम झिजत नाही. नावही न ऐकलेल्या कंपनीच्या नव्या स्टिकपेक्षा चांगल्या कंपनीची वापरलेली बरी. फक्त आठवडाभराच्या रिप्लेसमेंटचा शब्द घ्या, तोही बिलावर लिहून. नवी घेतली तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर आहे ना ते बघा. स्टिकवरचं स्टिकर खरवडलं की वॉरंटी गेली.

बसवताना

लागणार काय, तर एक स्क्रू ड्रायव्हर, दुकानात ज्याला स्टार म्हणतात तो, एक मऊ ब्रश आणि मोबाइलचा टॉर्च.

शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपेत न जाता पूर्ण बंद होतं. मागे एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) छोटा स्विच असेल तर तो बंद करा, भिंतीचं बटण बंद करा आणि प्लग ओढून काढा. परदेशी व्हिडिओत प्लग लावून ठेवा, अर्थिंग मिळतं असं सांगतात. आपल्याकडच्या घरांतल्या अर्थिंगचा आणि उलटसुलट वायरिंगचा भरवसा धरू नका, प्लग काढाच. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाते.

कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, गादीवर किंवा सतरंजीवर नको. समोरून बघताना डावीकडचा पत्रा काढायचा असतो, मागचे दोन स्क्रू काढून तो मागे सरकवा. आत धूळ असणारच. गावाकडच्या मशीनमध्ये पालीची अंडीही सापडतात. ब्रशने हलकेच साफ करा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी गरागरा फिरू देऊ नका.

आता स्थिर विजेचं. कोकणात जुलै महिन्यात याची फारशी चिंता नाही, हवाच ओली. पण विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या थंडीत नायलॉनचा स्वेटर घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलात तर बोटातून ठिणगी उडते, आणि न जाणवणारी ठिणगीही चिपला पुरते. स्वेटर काढून ठेवा, आणि स्टिकला हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला हात लावा.

प्रोसेसरच्या पंख्याशेजारी लांबट, उभे स्लॉट दिसतील. काही बोर्डांवर दोन्ही टोकांना खटके असतात, काहींवर एकाच. रिकाम्या स्लॉटचे खटके बाहेरच्या बाजूला दाबून उघडा. चार स्लॉटचा बोर्ड असेल आणि दोनच स्टिका लावायच्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. बोर्डवर ते ए२, बी२ असे छापलेले असतात.

नवी स्टिक कडांना धरून काढा, खालच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. स्टिकची खाच अगदी मध्यभागी नसते, किंचित एका बाजूला असते. स्लॉटमधल्या उंचवट्याशी ती जुळवून बघा. जुळत नसेल तर स्टिक फिरवा. फिरवूनही जुळत नसेल तर पिढी चुकलीय, तिथेच थांबा. जुळली की स्टिक सरळ उभी धरून दोन्ही टोकांवर अंगठे ठेवा आणि एकदम नाही, तर वाढता दाब द्या. नवखा माणूस इथे घाबरतो, कारण लागणारा जोर वाटतो त्यापेक्षा जास्त असतो आणि खालचा बोर्ड थोडा लवतो. ते चालतं. खट्ट आवाज होऊन खटके आपोआप उभे राहिले की बसली. टॉर्च मारून आडवं बघा: स्लॉटच्या वर सोनेरी रेष दिसत असेल तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच दिसायला हवी. एका बाजूला जास्त दिसली तर स्टिक तिरकी आहे. खटके उभे आहेत म्हणून समाधान मानू नका, ही रेषच खरी.

हात आत घालताना हार्ड डिस्कची लाल-निळी साटा केबल सैल होते, ती दाबून घ्या. पत्रा अजून लावू नका.

डिस्प्ले आलाच नाही तर

प्लग लावा, चालू करा. पहिल्या वेळी मशीन एक-दोनदा आपणहून बंद-चालू झालं तरी हात लावू नका, बोर्ड नवी रॅम ओळखत असतो. डीडीआर५ मध्ये तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते.

तरीही काही न येता कॅबिनेटमधून लांब बीप पुन्हा पुन्हा वाजत राहिला, किंवा नव्या बोर्डावर डीरॅम असं लिहिलेला छोटा दिवा लागून राहिला, तर बहुतेक वेळा स्टिक नीट बसलेली नसते. प्लग काढा, स्टिक काढून पुन्हा बसवा. मग जुनी काढून नवी एकटी लावून बघा, नंतर नवी काढून जुनी एकटी, आणि दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून. स्टिक खराब, स्लॉट खराब की दोघींचं जमत नाही, हे एवढ्यावरून कळतं.

जुन्या मशीनमध्ये पट्ट्यांवर काळपट थर बसतो, आणि आपल्याकडचा प्रत्येक दुरुस्तीवाला त्यावर खोडरबर चालवतो. उपाय चालतो, पण पांढरा मऊ रबर घ्या, शाईचा खरखरीत नको, एकाच दिशेने हलके पुसा आणि रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झाडा. तो स्लॉटमध्ये पडला तर नवीच कटकट. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते रबरापेक्षा चांगलं.

एवढ्यानेही जमलं नाही तर प्लग काढून बोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काढा, पाच मिनिटांनी परत लावा. बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, सेटिंग्ज मूळ जागी येतात. सात-आठ वर्षांच्या बोर्डावरची ही बॅटरी तशीही मरायला टेकलेली असते, नवीच टाका. नंतर तारीख-वेळ मात्र पुन्हा लावावी लागेल. त्याउपरही एकटी नवी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालत नसेल आणि जुनी चालत असेल, तर नवी घेऊन दुकान गाठा.

चालू झाल्यावर

टास्क मॅनेजरमध्ये पुन्हा मेमरीचं पान उघडा. वर उजवीकडे १२ जीबी आणि खाली 'स्लॉट्स यूज्ड'समोर दोनपैकी दोन दिसायला हवेत. 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'मध्ये थोडीफार मेमरी दिसेल, ती ग्राफिक्ससाठी राखलेली असते. तिथे काही जीबी अडकलेले दिसले तर एक स्टिक नीट बसलेली नाही असं समजा.

एच११० वर यापुढे बायोसमध्ये करण्यासारखं काही नाही. नव्या बोर्डावर ३२०० किंवा त्याहून वेगवान रॅम घेतली असेल तर मात्र बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर त्याला एक्स्पो म्हणतात. ते केलं नाही तर जास्त पैसे देऊन घेतलेली रॅम साध्या वेगानेच चालत राहते, आणि कित्येक घरांत ती तशीच चालतेय.

रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवलंत तर मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी होते. जास्त कडक तपासणी हवी असेल तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एरर शून्य असायला हवेत. एक जरी दिसला तरी 'एवढं चालतं' म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. आज एक चुकलेला बिट उद्या टॅलीच्या फाइलमध्ये असू शकतो. मात्र परत करण्याआधी प्रत्येक स्टिक एकेकटी तपासा, नाहीतर दोष जुनीचा निघायचा आणि नवी हकनाक परत जायची.

सगळं ठीक असेल तर आता पत्रा लावा. जुनी स्टिक बदलून काढली असेल तर नवीच्याच पाकिटात घालून वर 'डीडीआर४, ४ जीबी, चालू' असं लिहून ठेवा. पुढे कधी डिस्प्ले गेला तर दुकानात न जाता घरीच रॅम अदलाबदल करून बघायला ती उपयोगी पडते.